रुमालाखाली

पहिली पाच मिनिटं फळा कोराच ठेवते मी.
पुस्तकं दप्तरात, खडू खोक्यात,
आणि सांगलीच्या मार्केट यार्डामागच्या शाळेत
पाचवीचा वर्ग अर्धाच जागा.
खिडकीतून हळदीची धूळ आत येते,
हजेरीपटावर बसते.

सोमवारी पाहुणा.
एक संख्या दाराबाहेर उभी राहते,
नाव विचारायचं नाही, बाकी काहीही विचारा.
सम का तू? पन्नाशी ओलांडलीस?
तीनाला ओळखतेस?
पद्मिनी ऐनापुरेचा प्रश्न ठरलेला,
"एकटी आहेस का गं?"
मूळ संख्या म्हणायचं असतं तिला.
मी अजून तिला सुधारलेलं नाही.

मंगळवारी तीनाच्या पटीला टाळी, पाचाच्या पटीला चुटकी,
पंधराला दोन्ही.
पंधराला वर्ग दर वेळी कोसळतो
आणि हसत हसत पुन्हा एकपासून निघतो.
बुधवारी आदगोंडा हात वर करतो,
"बाई, एकोणनव्वद नाव लावते नव्वदाचं
आणि राहते ऐंशीच्या घरात.
भाड्यानं का?"
यावर पाचाची पंधरा मिनिटं होतात.

तौफिक शिकलगार यातल्या कशातच नसतो.
टाळी नाही, चुटकी नाही.
शेवटच्या बाकावर,
वहीचे कोपरे पिवळे.
एकक-दशक-शतकाचं कोष्टक
जूनपासून भिंतीवर टांगलंय,
मणी सरकवून सरकवून माझी बोटं दुखली,
तो मण्यांकडे बघतो
जसं कुणी दुसऱ्याच्या घरातल्या टीव्हीकडे बघावं.

मग एका गुरुवारी,
मी काहीच ठरवून आले नव्हते
(खोटं कशाला, घरी पाहुणे होते, खऱ्या नावाचे)
आणि विचारलं, आज खेळ कुणाकडं आहे?
दप्तरातून त्यानं बापाच्या खांद्यावरचा पंचा काढला.
"हात द्या बाई."

पंच्याखाली माझी चार बोटं दाबली गेली.
"किती?"
चार.
"न्हाई."
चाळीस?
वर्ग उभा राहिला होता.
"आधी माल इचारायचा, बाई.
बोटं तीच असत्यात.
हळकुंड असलं तर चार हजार,
भुशाला चारशे,
आन् हमालांच्या चहाचा हिशोब असला
तर नुस्ते चार."

मी भिंतीवरच्या कोष्टकाकडे पाहिलं.
ते खिळ्यावर जरासं हललं, वाऱ्यानंच असेल.

तेव्हापासून गुरुवार त्याचा.
ओढण्या, रुमाल, कुणाचा मफलर,
जोड्या बसतात समोरासमोर.
मी फक्त माल सांगते: आज शतक. आज दशक.
गणिताच्या तासाला इतकी शांतता
मी कधी ओरडूनही मिळवली नव्हती.
एका रुमालाखाली दोन हात
हिशोब संपल्यावरही थोडा वेळ राहिले,
ते मी मोजलं नाही.

केंद्रप्रमुख आले. "हे काय चाललंय?"
पूर्वतयारी, सर.
त्यांनीही हात घातला, घड्याळ काढून.
तौफिकनं तीन बोटं दाबली, चौथं अर्ध्यावर सोडलं.
साहेब बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"साडेतीन," म्हणाले हळूच, आणि मग,
"...माल कोणता?"
त्या दिवशी शेऱ्याच्या वहीत
एक पिवळा अंगठा उमटला आहे, सहीच्या शेजारी.

घटक चाचणीत तौफिकला पंचवीसपैकी अकरा.
पेपरला पंचा नसतो.
उत्तरं बरोबर होती काही, शून्यं घसरलेली,
चार हजारांच्या जागी चाळीस,
माल लिहायला जागाच नव्हती छापलेली.
मी लाल पेन उचललं, ठेवलं,
पुन्हा उचललं आणि अकराच लिहिले.

संध्याकाळी मिरजेच्या बसमध्ये शेजारची बाई
माझ्या तळव्यांकडे बघून विचारते,
"कुणाच्या हळदीला गेला होता?"
मी हसते. काय सांगायचं.
पदराखाली माझीच चार बोटं दाबून बघते.

उद्या शुक्रवार.
उद्याचं अजून काही सुचलेलं नाही.